आबांचे आठ मानांकित

त्या घरात स्टीलच्या वाट्या अठ्ठावीस होत्या, आणि फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत त्यांतल्या चौदा स्वयंपाकाला मिळत नसत. त्या आबांच्या. जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला त्या दोन रांगांत मांडलेल्या असायच्या आणि प्रत्येकीत वेगळं कडधान्य असायचं. हरभरे, वाटाणे, वाल, राजमा, चवळी, मटकी, मसूर, असं काय काय. मूग घेतले होते म्हणून उडीद घेतले नव्हते, कारण दोन्ही बोटांना सारखेच लागतात. आबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना मधोमध डाग पडले होते. त्यांना कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या खांद्यापलीकडे बघायचे, आणि मला ते फार बरं वाटायचं. माझ्याकडे सरळ बघून कुणी बोललं की माझे शब्द घशातच राहायचे. अजूनही राहतात.

आबा म्हणजे दादांचे वडील. जन्मभर पुण्याला विमा कंपनीत आकडेमोडीच्या खात्यात होते. आबांची बायको गेल्यावर दादांनी त्यांना सिंगापूरला आणलं. दादा तांजोंग पगारला एका बँकेत अकाउंटंट. वहिनी दुपारपर्यंत एका ऑफिसात जायच्या. धाकटी मुक्ता सहावीत होती आणि थोरला तन्मय अमेरिकेत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वाईला वहिनींच्या माहेरी माझी आई पोळ्या करायची. तिथूनच मला घरकामाला आणलं, तेव्हा मला एकवीस पुरी झाली होती. मी चौथी शिकलेली. चौथीनंतर आमच्याकडे शाळा कुणी बंद केली नाही, मीच हळूहळू जायची बंद झाले, कारण पाचवीत उभं राहून वाचायला लावायचे.

तन्मय इथे परदेशी मुलांच्या शाळेत होता तेव्हा बेसबॉल शिकला होता. डावखुरा, चेंडू टाकणारा. त्या जोरावर त्याला तिकडे कॉलेजात जागा मिळाली. हा खेळ मी कधी नीट पाहिलेला नाही, पण त्याचा हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. तिकडे कॉलेजांचे संघ फेब्रुवारीपासून एकमेकांशी खेळतात. मेच्या शेवटी एक समिती बसते आणि चौसष्ट संघ मोठ्या स्पर्धेला निवडते. त्या चौसष्टांतल्या सगळ्यांत चांगल्या आठांना मानांकन देते. आता सोळांना देतात म्हणे, तेव्हा आठच होते. मानांकन मिळालेला संघ जिंकत राहिला तर पहिले दोन आठवडे आपल्याच मैदानावर खेळतो. बाकीच्यांना बहुतेक पाहुणे म्हणून दुसरीकडे जावं लागतं. समिती कुणाला निवडणार हे निकालाच्या आधी सांगायचं, हा आबांचा उद्योग. तन्मय कॉलेजात गेल्यापासून दर वर्षी ते आठ नावं लिहवून घ्यायचे, आणि आठांतली सात तरी खरी निघायची. संगणकावर लोकांनी केलेल्या अशा याद्या आयत्या मिळतात, असं दादांनी एकदा म्हटलं होतं. आबा म्हणाले, "ती त्यांची मतं. मत मलाही आहे. मला गणित पाहिजे."

ते गणित त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. मी मटार सोलत होते आणि ते समोर बसून चहा पीत होते. "अलके, रुपया धर. आपण स्वतः किती जिंकलो, त्याला चार आणे. ज्यांच्याशी खेळलो ते किती जिंकले, त्याला आठ आणे. आणि त्यांच्याशी जे खेळले ते किती जिंकले, त्याला उरलेले चार आणे. म्हणजे आपली पत ठरते ती निम्मी कशावर?" मी म्हटलं, "दुसऱ्यांवर." ते खूश झाले. एवढ्या पटकन दादांनाही समजलं नव्हतं म्हणाले. मला कुणी हुशार म्हणायची ती पहिलीच वेळ होती. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

सकाळी वहिनी, दादा, मुक्ता घराबाहेर पडले की आमचं काम सुरू व्हायचं. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. संगणकावर तन्मयच्या सामन्याचं बोलणं चालू असायचं, मागे गर्दीचा आवाज असायचा, आणि आमच्या बाराव्या मजल्याखालच्या झाडांत कोकीळ इतका मोठ्याने ओरडायचा की आबा हात वर करून मला खिडकी लावायला सांगायचे. मी त्यांना थालीपीठ किंवा उकड द्यायची. मुक्ता शाळेला जायच्या आधी आदल्या दिवशीचे सगळे निकाल छापून टेबलावर ठेवायची. इंग्रजी नावं मला वाचता येत नसत, म्हणून तिने प्रत्येक संघाला नंबर दिला होता आणि छापलेल्या नावापुढे पेनाने तो नंबर घालायची. मोठ्या चौदा संघांना वाट्या. त्यांच्याशी खेळलेल्या लहानसहान संघांना वहीत एकेक पान. मी वाचायची, "राजमा जिंकले. मटकी हरले. एकतीस नंबर जिंकले. चाळीस नंबर हरले." वाटीतल्या संघाने जिंकलं की मी त्यात एक दाणा टाकायची, आबा बोटाने चाचपून बघायचे. लहान संघांचं मी वहीत मांडायची आणि आबा डोळे मिटून बेरजा करायचे. तन्मयचा संघ म्हणजे हरभरे. आठवड्यातून एकदा आबा वाट्यांचा क्रम बदलायचे. पुढच्या रांगेत आठ, मागच्या रांगेत सहा. वहिनी ऑफिसातून आल्या की चपला काढायच्या आधी पुढची रांग बघायच्या.

एकदा मी चुकून चवळीच्या वाटीतले दाणे उसळीसाठी भिजत घातले. मुक्ताने जेवताना विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी नुसती उभी राहिले. आबा म्हणाले, "आकडा माझ्या डोक्यात आहे, वाढ. जिंकलेल्या संघाची उसळ चांगली होते." मुक्ता इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आबा, सो मीन लाह, अख्खी टीम खाल्ली." दादा हसून हसून खोकायला लागले. असं घर होतं ते. मला कुणी कधी टाकून बोललं नाही, हे आधी लिहून ठेवते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको, की त्यांनी मला वाईट वागवलं म्हणून मी तसं केलं.

एप्रिलमध्ये वाईहून माझ्या बहिणीचा, विमलचा, फोन आला. आईच्या पोटात गाठ होती, पिशवी काढायची होती. सरकारी दवाखान्यात जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली होती. विमल म्हणाली, "आई म्हणते, अलका आल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही. डॉक्टर म्हणतात, ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि गाठ थांबायची नाही." मग तिने आईकडे फोन दिला. आई नुसती म्हणाली, "येशील ना गं?" मी हो म्हटलं.

मला दोन वर्षं पूर्ण होत होती, आणि नियमाप्रमाणे घरी जायची रजा लागू होत होती. वहिनी मागे कधीतरी म्हणाल्या होत्या, "जूनमध्ये मुक्ताच्या शाळेला सुट्टी असते, तेव्हा बघू." मी फोन ठेवून वळले तर वहिनी मागे भांडी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "सगळे बरे ना?" आणि मी म्हटलं, "बरे आहेत." हे मी का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचारलं की नाही म्हणायचा हक्क समोरच्याला मिळतो, असं काहीतरी माझ्या मनात असायचं. न विचारलेल्या गोष्टीला कुणी नाही म्हणू शकत नाही. लहानपणापासून मी अशीच.

त्याच आठवड्यात घरात ते दुसरं बोलणं सुरू झालं. तन्मयचं शेवटचं वर्ष. मानांकन मिळालं तर जूनच्या सुरुवातीला दोन आठवडे त्याचे सामने त्याच्याच मैदानावर. दादा, वहिनी आणि मुक्ता तिघांनी जायचं. चार वर्षांत वहिनींनी मुलाला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. आबांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, तेव्हा त्यांच्याजवळ कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. आणि मानांकन नाही मिळालं, तर संघ कुठल्या गावी जाईल, एका आठवड्यात घरी परतेल की काय, काहीच सांगता येत नव्हतं. तन्मयनेच सांगितलं होतं की तसं असेल तर येऊ नका, परीक्षा संपवून मीच येतो.

खरी अडचण व्हिसाची होती. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारताचे. अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखतीची तारीख घ्यावी लागायची आणि पुढे किती दिवस जातील ते कुणी सांगत नसे. निकाल मेच्या शेवटच्या सोमवारी, सामने लगेच शुक्रवारी. निकाल कळल्यावर व्हिसा मागून उपयोग नव्हता. मेच्या सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. दादांना ऑफिसात रजाही तेव्हाच सांगायची होती. एका रात्री जेवताना दादा म्हणाले, "संगणकावरच्या याद्यांत काही जण आठवे धरतात, काही जण धरतच नाहीत. आबा, तुम्ही सांगाल तसं करू. शुक्रवारपर्यंत सांगा."

वहिनींनी आबांच्या पानात तूप वाढलं आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्या नातवासाठी थोडं इकडंतिकडं करा की."

"नातू आहे म्हणूनच करणार नाही," आबा म्हणाले. "उद्या हरला तर तूच विचारशील, आकडा कुठून आणला होता."

त्या दिवशी हरभरे सातव्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचायला बसले आणि माझी ओळ चुकली. एकतीस नंबरचा संघ जिंकला होता, मी वरच्या ओळीचं वाचून "हरले" म्हटलं. मुद्दाम नाही. ही चूक खरोखरची होती, हे मी देवासमोर सांगेन. आबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "हं. मग आपले हरभरे आठव्यावर उतरले." मी कागदाकडे पाहिलं आणि मला माझी चूक दिसली. तोंड उघडून "आबा, थांबा, जिंकले" एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. सामन्याच्या आवाजात कुणीतरी जोरात चेंडू मारला होता आणि लोक ओरडत होते, आणि मी पुढची ओळ वाचली.

हरभऱ्यांचे निकाल मला फिरवता आले नसते. तन्मय स्वतः फोन करून सांगायचा. मोठे संघही नाही, आबा त्यांचे सामने ऐकायचे. पण एकतीस, चाळीस, त्रेचाळीस, बावन्न या नंबरांबद्दल जगात कुणी आम्हाला फोन करणार नव्हतं. फेब्रुवारीत तन्मयचा संघ त्यांच्याशी खेळला होता आणि नंतर ते आपापल्या गावी खेळत होते. आणि रुपयातले आठ आणे त्यांच्यापाशी होते. हे मला आबांनीच शिकवलेलं. त्या शुक्रवारपर्यंत मी त्या चार संघांना रोज हरवलं, तोंडाने; वहीत मात्र खरं तेच लिहीत होते. एवढंच नाही. गुरुवारी आबा म्हणाले, "फेब्रुवारीपासूनचं एकदा पुन्हा वाच, मला पडताळा घ्यायचाय," तेव्हा मागच्या पानांवरही मी तेच केलं. माझ्याच अक्षरातला "जि" समोर दिसत असताना मी "हरले" म्हणत होते. आवाज कापत नव्हता. लाजाळू माणसाचा आवाज नेहमीच बारीक असतो, त्यात खोटं बोललेलं कुणाला कळत नाही. आबा एकदाच थांबले. "त्रेचाळीस एवढे कसे घसरले? सुरुवातीला बरे होते की." मी म्हटलं, "हो, आबा." त्यांनी मान हलवली आणि पुढे वाच म्हणून सांगितलं.

शुक्रवारी वहिनींनी पुरणपोळी करायला सांगितली होती. म्हणजे मनातून त्यांचं ठरलेलंच होतं. मी पुरण वाटत होते. आबांनी वाट्या हलवल्या आणि हरभऱ्यांची वाटी मागच्या रांगेत गेली, तिसरी. संध्याकाळी दादा आले, टाय सैल केला आणि उभ्यानेच विचारलं, "काय म्हणतं गणित?"

"अकरावे," आबा म्हणाले. "सातव्यात आणि अकराव्यात केसाचं अंतर आहे. पण आहे. माझ्या हिशेबाने नाही मिळणार."

मुक्ता म्हणाली, "बट आबा, ऑनलाइन सम पीपल से एट लेह."

"असेल."

वहिनींनी मागच्या रांगेतली हरभऱ्यांची वाटी बघितली. मग म्हणाल्या, "तरी जाऊ या का? कुठल्याही गावी असेना."

दादा म्हणाले, "आणि तिकडे पोचेपर्यंत ते घरी निघालेले असले तर? तो स्वतःच येतोय ना जुलैत." ते खुर्चीत बसले. "आबांचं आजवर चुकलेलं नाही गं."

मग वहिनी स्वयंपाकघरात आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "अलका, तुझी रजा राहिलीय ना. आम्ही आता इथेच आहोत, तर जूनच्या सुरुवातीला तूच जाऊन ये घरी. उद्या तिकीट बघायला सांगते." मी पुरणपोळी लाटत होते. मी हो म्हटलं. त्या दिवशी एकही पोळी फुटली नाही, सगळ्या टम्म फुगल्या, आणि जेवताना कुणी एकापेक्षा जास्त घेतली नाही.

त्यानंतर मी एकही आकडा फिरवला नाही. जे होतं तेच वाचलं. आबा म्हणायचे, "बघ, दहाव्यावर आले. जरा उशीर केला यांनी." मग नववे. मला वाटायचं, नववे तर नववे, आठांत नाहीत ना, मग माझ्या खोट्याने काही बिघडलं नाही. निकालाच्या आधीच्या रविवारी त्यांनी आठ नावं मला लिहायला सांगितली. हरभरे त्यात नव्हते.

तिकडे सोमवारी दुपारी निकाल लागला तेव्हा इथे सगळे झोपलेले होते. मंगळवारी सकाळी मुक्ता शाळेच्या गणवेशात संगणकासमोर बसली आणि तिने हाक मारली, "मम्मी, कम." तन्मयचा संघ सातवा मानांकित होता. वहिनी पडद्यासमोर उभ्या राहिल्या, हातात मुक्ताचा डबा तसाच. दादांनी दाढी अर्धी सोडून फोन लावायला सुरुवात केली, व्हिसाच्या कचेरीला, प्रवास कंपनीला, ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीच्याला. फोन ठेवत गेले. शेवटी म्हणाले, "जूनच्या मध्यापर्यंत मुलाखतीची एकही वेळ नाही." मुक्ता रडतच शाळेच्या बसकडे गेली.

सगळे गेल्यावर आबा म्हणाले, "वही आण."

मी आणली. "एकतीस नंबरचं पान. पहिल्यापासून वाच." मी त्यांच्यासमोर बसले. ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. मला पुन्हा खोटं वाचता आलं असतं. माझ्या तोंडून ते आलं नाही. "जिंकले," मी वाचलं. "जिंकले. हरले. जिंकले." चाळीस नंबरचं पान. त्रेचाळीस. बावन्न. आबांचे ओठ हलत होते. मी थांबले तरी त्यांची बेरीज चालू होती. मग ते म्हणाले, "सातवे." त्यांनी हात पुढे करून वही माझ्याकडून घेतली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि मिटली. मी उठावं की बसावं ते मला कळेना. मग आबा म्हणाले, "आईचं कधी आहे?"

मी सांगितलं. मला वाटतं माझं स्वयंपाकघरातलं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. डोळे गेलेल्या माणसाला घरातलं सगळं ऐकू येतं.

ते म्हणाले, "वाट्या रिकाम्या कर. कडधान्यं डब्यांत भर." मी उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दादाला नाही, निदान मला सांगायचं होतंस. मी काय अवघड माणूस आहे?" मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार.

संध्याकाळी दादा आले. आबांनी त्यांना बसवलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "आकडे सगळे बरोबर होते. अलकाने चोख वाचलं. बेरीज माझ्याकडून चुकली. वय झालं आता, हातचा धरायचा राहिला." दादा उठून आत गेले. वहिनी मात्र बोलल्या. आबांशी त्या कधी वर आवाज करत नसत, तेव्हाही केला नाही. पण म्हणाल्या, "चार वर्षं वाट बघितली मी, आबा." आणि आबा म्हणाले, "हो. माझंच चुकलं." मी ओट्यापाशी उभी होते. तिथून टेबल सहा पावलांवर होतं. तेवढी पावलं मला टाकता आली नाहीत.

शनिवारी मी विमानात बसले. आईचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आणि ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. विमलच्या मुलांना तिने अंगाखांद्यावर खेळवलं. मी हे लिहिते, कारण दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या खोट्यातून काहीच निघालं नाही असं नाही. माझी आई निघाली. त्या अकरा वर्षांत जेव्हा जेव्हा तिचा आवाज फोनवर ऐकला, तेव्हा तेव्हा मला बरं वाटलं, आणि तेव्हा तेव्हा ओट्यापाशी उभी असलेली मीही आठवले.

महिन्याने परत आले तेव्हा मुक्ताने सांगितलं की तन्मयच्या संघाने पहिला आठवडा जिंकला, दुसऱ्यात हरले. एका सामन्यात तो नऊच्या नऊ डाव एकटा टाकत राहिला, आणि वहिनी रात्रीच्या कपड्यांत संगणकासमोर बसून ते ऐकत होत्या, ऑफिसला गेल्याच नाहीत. सामन्यानंतर सगळ्यांच्या घरचे मैदानात उतरले, तन्मय म्हणाला होता. तो जुलैत आला, चार दिवस राहिला. नंतर बेसबॉल सोडला आणि नोकरीला लागला, तिकडेच. आबांनी पुन्हा कधी वाट्या मांडल्या नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत मी विचारलं, तर म्हणाले, "नको. तुझं काम वाढतं." त्या वर्षी गणपतीच्या आधी ते गेले. शेवटपर्यंत दादा त्यांना औषधाच्या गोळ्या स्वतः मोजून द्यायचे, कारण आबांना मोजता येत नाही, असं घरात ठरून गेलं होतं. ज्या माणसाची चार महिन्यांची बेरीज एका आकड्यानेही चुकत नसे, तो तळहात पुढे करून गोळ्या घ्यायचा आणि मी पाणी घेऊन बाजूला उभी असायची.

आता मी सिंगापूरलाच, पुंगोलला, मुक्ताच्या घरी असते. तिची दोन मुलं मीच वाढवली. दादा गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून वहिनीही इथेच आहेत. आम्ही दोघी दुपारी बाल्कनीत बसतो. खालून बिनचालकाची छोटी गाडी वळसा घेऊन जाते ती बघतो, आणि फार बोलत नाही. तन्मयचा फोन दर रविवारी सकाळी येतो. त्याची मुलगी आता तिकडे तसलाच खेळ खेळते. मागच्या रविवारी तो हसत म्हणाला, "आई, जूनमध्ये तिचे सामने आहेत. येणार का? की आपल्या घरच्यासारखं आधी गणित मांडणार?" हा त्याचा जुना विनोद. वीस-बावीस वर्षं तो हे म्हणतो आणि वहिनी हसतात. याही वेळी हसल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "शेवटी शेवटी आबांना जमत नव्हतं गं मोजायला. मला कळायला हवं होतं. ऐकायला नको होतं मी त्यांचं."

हे त्यांनी आधी शंभरदा म्हटलं असेल. या वेळी मी म्हटलं, "आबांचं चुकलं नव्हतं, वहिनी."

त्यांनी चष्मा काढला. मग मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं जे मला डोंगराएवढं वाटत होतं ते सांगायला दोन कप चहा निवण्याएवढा वेळ लागला. शेवटी त्यांनी विचारलं, "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

मला खरंच माहीत नाही. त्या वेळच्या वहिनी मुलासाठी काय करतील आणि माझ्या आईसाठी काय करतील, हे मी कधी विचारलंच नाही, तर मला कसं कळणार. त्यांनाही बहुतेक माहीत नसावं, कारण त्या चष्मा तसाच हातात घेऊन आत गेल्या. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. स्वतः उठून पाणी घ्यायच्या, स्वतः चहा करायच्या. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते तेव्हा दारात उभं राहून म्हणाल्या, "तन्मयला मी सांगणार नाही. रविवारी फोन तुझ्या हातात देईन. तू सांगायचंस."

"मला जमेल का?" मी म्हटलं.

"आबांनी तुझ्यासाठी केलं ते त्यांना जमलं," असं म्हणून त्या गेल्या. आवाजात राग होता. असायलाच हवा.

म्हणून हे लिहून काढलं. मुक्ताच्या मुलाच्या जुन्या वहीची पानं उरली होती. बोलताना माझं पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं, मग मी गप्प बसते. लिहिलेलं असलं म्हणजे वाचून तरी दाखवता येईल. उद्या रविवार. पहिलं वाक्य तेवढं पाठ झालंय: तन्मयदादा, आबांचं गणित बरोबर होतं. त्याच्यापुढे तो "म्हणजे?" असं विचारेल, आणि मग मला बोलावं लागेल.